सनदेवांचून चाललेलें विद्यापीठ

विद्यापीठ कशाच्या आधारावर उभें राहतें, या प्रश्नाचें उत्तर देशोदेशीं निरनिराळें मिळालें आहे. कोठें राजाची सनद, कोठें धर्मपीठाचा आश्रय, तर कोठें एखाद्या धनिकाचें मृत्युपत्र. अमेरिकेंतील हार्वर्ड ही संस्था १६३६ सालीं मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या ठरावानें निघाली. परंतु तिला नांव मिळालें तें जॉन हार्वर्ड या धर्मोपदेशकाचें. १६३८ सालीं मरतांना त्यानें आपली निम्मी मिळकत व सुमारें चारशें ग्रंथ तिला देऊन टाकले होते. बाल्टिमोर येथें १८७६ सालीं उघडलेलें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ एका व्यापाऱ्याच्या द्रव्यावर उभें राहिलें, आणि नव्या ज्ञानाचें संशोधन हें विद्यापीठाचें मुख्य काम होय, हा विचार त्यानें त्या देशांत रूढ केला. हिंदुस्थानांत मात्र गोष्ट वेगळी होती. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं विद्यापीठें निघालीं तीं सरकारी कायद्यानें निघालीं, आणि लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणें व पदव्या देणें एवढेंच त्यांचें प्रथमचें काम होतें. त्यामुळें विद्यापीठ म्हणजे सरकारनें काढावयाची वस्तु, अशी समजूत लोकांत दृढ झाली यांत नवल नाहीं. या समजुतीला न जुमानतां महाराष्ट्रांत १९१६ सालीं एक विद्यापीठ लोकांच्या वर्गणीवर निघालें आणि सरकारी सनदेवांचून पस्तीस वर्षें चाललें. विशेष हें कीं, तें केवळ स्त्रियांसाठीं होतें.

त्याचे संस्थापक धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. राहणार कोंकणांतील मुरूडचे. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत होते. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई या बालविधवेशीं विवाह केला आणि त्याबद्दल स्वतःच्या गांवचा बहिष्कार सोसला. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला. पुढें तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेण्यांत आला, आणि १९०७ सालीं त्याला जोडून महिलाविद्यालयाची स्थापना झाली. याप्रमाणें विद्यापीठाचा विचार सुचण्यापूर्वीं कर्व्यांच्या पाठीशीं वीस वर्षांचा अनुभव होता. दारोदार जाऊन चार आणे, आठ आणे मागण्याची त्यांना संवय झाली होती, आणि लोकांच्या निंदेनें काम थांबत नाहीं हेंही त्यांना कळून चुकलें होतें.

विचाराला निमित्त झाली ती एक लहानशी पुस्तिका. काशीचे शिवप्रसाद गुप्त यांनीं पाठविलेल्या या पुस्तिकेंत जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची हकीकत होती. तें विद्यापीठ नारुसे जिंझो यांनीं १९०१ सालीं तोकियो येथें खाजगी प्रयत्नानें काढलें होतें. मौज अशी कीं, नांवानें विद्यापीठ असलें तरी जपानी सरकारच्या कायद्यांत त्याची गणना विद्यापीठांत होत नव्हती. तो दर्जा त्याला १९४८ सालीं मिळाला. दर्जा मिळेपर्यंत थांबावें कीं काम सुरू करावें, हा प्रश्न जपानांत सुटला होता. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद कर्व्यांकडे आलें, तेव्हां भाषणाची तयारी करतांना त्यांनीं ही पुस्तिका लक्षपूर्वक वाचली, आणि हिंदुस्थानांतहि असें विद्यापीठ असावें असें परिषदेपुढें मांडलें.

पुढील सहा-सात महिन्यांतच योजना अमलांत आली. वर्गणीदारांनीं निवडलेली नियामक सभा बनविण्यांत आली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे कुलपति झाले व रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कुलगुरु झाले. भांडारकर हे पूर्वीं मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते. परांजपे हे १८९९ सालीं केंब्रिजमध्यें गणितांत पहिले आलेले. सरकारी विद्यापीठांत मानानें वावरलेले हे विद्वान् बिनसनदी विद्यापीठाच्या पाठीशीं उभे राहिले, याचें वजन त्या काळच्या लोकांना चांगलें कळत होतें. १९१६ सालीं हिंगण्याच्या महिलापाठशाळेंत पहिला वर्ग भरला, तेव्हां विद्यार्थिनी होत्या पांच.

विद्यापीठाचीं मुख्य तत्त्वें दोन होतीं. पहिलें हें कीं, उच्च शिक्षण मातृभाषेंतून द्यावयाचें. इंग्रजी हा विषय सक्तीचा, पण तो विषय म्हणून, माध्यम म्हणून नव्हे. दुसरें हें कीं, अभ्यासक्रम स्त्रियांच्या जीवनास अनुसरून आखावयाचा. त्यांत आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, मानसशास्त्र यांना स्थान द्यावयाचें. पदव्यांचीं नांवेंसुद्धां संस्कृतांतून घेतलीं. पहिली पदवी ‘गृहीतागमा’, म्हणजे जिनें विद्या ग्रहण केली आहे ती. वरची पदवी ‘प्रदेयागमा’, म्हणजे जिची विद्या आतां दुसऱ्यास देण्याजोगी झाली आहे ती. घरीं अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभाहि ठेवण्यांत आली, कारण ज्यांच्यासाठीं हें विद्यापीठ होतें त्यांपैकीं पुष्कळींना घर सोडणें शक्य नव्हतें.

या दोन्ही तत्त्वांवर आक्षेप आले, आणि ते केवळ सनातन्यांचेच आले असें नाहीं. कित्येक सुधारकांना वाटे कीं, स्त्रियांसाठीं वेगळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम. पुरुष ज्या परीक्षा देतात त्याच स्त्रियांनीं दिल्या तर त्यांच्या बुद्धीविषयीं कोणी शंका घेणार नाहीं. हा आक्षेप पोकळ नव्हता. गृहव्यवस्था ही स्त्रीचीच विद्या असें एकदां मानलें कीं, इतर विद्या तिच्या नव्हेत असें म्हणणाऱ्यांना आधार मिळतो. उलट बाजूनें गांधीजींनीं मातृभाषेच्या माध्यमाचें स्वागत केलें, पण इंग्रजीची सक्ती त्यांना मान्य झाली नाहीं. कर्व्यांचें उत्तर व्यवहारी होतें. मुंबई विद्यापीठाचा मार्ग ज्या मुलींना झेपतो त्यांनीं त्या मार्गानें अवश्य जावें. परक्या भाषेच्या ओझ्यामुळें किंवा वयामुळें ज्या मागें राहतात त्यांच्यासाठीं दुसरें दार उघडें असावें, एवढाच त्यांचा आग्रह होता.

सर्वांत कठीण प्रश्न पदवीच्या किंमतीचा होता. सरकार जी पदवी ओळखत नाहीं तिच्या बळावर सरकारी नोकरीचा हक्क सांगतां येत नव्हता, किंवा दुसऱ्या विद्यापीठांत पुढचा प्रवेश मागतां येत नव्हता. गृहीतागमा झालेल्या स्त्रीला आपल्या पदवीचा अर्थच प्रथम समजावून सांगावा लागे. म्हणून या विद्यापीठाच्या इतिहासांत संस्थापकांच्या धैर्याचा जेवढा उल्लेख होतो तेवढाच पहिल्या विद्यार्थिनींच्या धैर्याचाहि झाला पाहिजे. संस्था बुडाली असती तर संस्थापकांचा एक प्रयोग फसला असता. विद्यार्थिनींचीं मात्र आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें वायां गेलीं असतीं.

द्रव्याची चिंता १९२० सालीं कांहींशी दूर झाली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं जपानचें स्त्रीविद्यापीठ स्वतः पाहिलें होतें. त्यांनीं आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांप्रमाणें तिचें वार्षिक व्याज बावन्न हजार पांचशें रुपये होई. तेव्हांपासून विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें. अर्थात् मोठ्या देणगीबरोबर दात्याच्या अटीहि आल्या. विद्यापीठाचें ठाणें सोईप्रमाणें मुंबईस न्यावें ही त्यांपैकीं एक, आणि त्याप्रमाणें १९३६ सालीं तें पुण्याहून मुंबईस गेलें. आण्या-दोन आण्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला स्वातंत्र्य पुष्कळ असतें पण स्थैर्य नसतें. एका दात्याच्या लाखांवर चालणाऱ्या संस्थेला स्थैर्य मिळतें, पण त्याची किंमत द्यावी लागते. देणगीनें कर्व्यांची वणवण संपली मात्र नाहीं. १९२९ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते युरोप, अमेरिका व जपान या देशांच्या प्रवासास निघाले, आणि पुढें आफ्रिकेंतहि जाऊन तेथील हिंदी लोकांकडून त्यांनीं संस्थेसाठीं पैसा जमविला. दरम्यान पुणें व मुंबई यांच्याप्रमाणें अहमदाबाद व बडोदें येथेंहि विद्यापीठाचीं महाविद्यालयें निघालीं, आणि मराठीबरोबर गुजराथीहि शिक्षणाचें माध्यम झाली.

या प्रयोगाचें महत्त्व मराठवाड्याकडे पाहिलें म्हणजे अधिक स्पष्ट होतें. जाफराबाद तालुक्यांतील टेंभुर्णी हें गांव आज जालना जिल्ह्यांत आहे. परंतु १९१६ सालीं तें निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. दोनच वर्षांनीं, १९१८ सालीं, हैदराबादेस निजामाच्या फर्मानानें उस्मानिया विद्यापीठ निघालें. तेथेंहि माध्यम देशी भाषेचें आणि इंग्रजी सक्तीची. योजना कर्व्यांच्या योजनेशीं पुष्कळशी जुळणारी. फरक एवढाच कीं, एकामागें राजाचा खजिना होता व दुसऱ्यामागें लोकांची वर्गणी. परंतु ती देशी भाषा उर्दू असल्यामुळें टेंभुर्णीसारख्या गांवांतील मराठी मुलीला उस्मानियाचें शिक्षणहि परक्या भाषेंतलेंच होतें. तिच्या स्वतःच्या भाषेंत पदवीपर्यंत शिकविणारें विद्यापीठ राज्याच्या सीमेपलीकडे पुण्यांत होतें, आणि त्याची पदवी कोणतेंहि सरकार मानीत नव्हतें. १९४८ सालीं निजामी राजवट संपली. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, आणि १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां कोठें या भागांतील मुलींना उच्च शिक्षण घरापासून कांहींसें जवळ आलें.

स्त्रियांच्या विद्यापीठाला कायद्यानें मान्यता देणारा कायदा मुंबई विधिमंडळानें १९४९ सालीं केला आणि १९५१ पासून तें सनदशीर विद्यापीठ झालें. सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी या त्याच्या पहिल्या कुलगुरु होत. कर्व्यांना १९५८ सालीं, त्यांच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न हा किताब मिळाला. १९६२ सालीं ते निवर्तले. आज मुंबईंत चर्चगेट व जुहू येथें आणि पुण्यांत विद्यापीठाचीं मोठीं आवारें आहेत. तेथें विज्ञान, तंत्रविद्या, शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र यांचें अध्यापन चालतें, आणि स्त्रिया डॉक्टरेटसाठीं संशोधन करतात. गृहव्यवस्थेपुरतें शिक्षण असा जो आक्षेप एके काळीं घेतला जाई तो या विस्तारापुढें टिकत नाहीं. मातृभाषेचें तत्त्व मात्र तितकेंसें टिकलें नाहीं; शास्त्र व तंत्रविद्या यांच्या उच्च शिक्षणांत इंग्रजीनें आपली जागा पुनः घेतली आहे.

मान्यता मिळाल्यावर खाजगी विद्यापीठ म्हणून त्याचें अस्तित्व संपलें, हेंहि ध्यानांत ठेवावयास हवें. पदव्यांना किंमत आली, सरकारी साह्य आलें, आणि त्याबरोबर सरकारी नियमहि आले. हा सौदा तोट्याचा होता असें म्हणतां येणार नाहीं, कारण ज्या स्त्रियांनीं पस्तीस वर्षें बिनकिंमतीची पदवी घेतली त्यांच्या पुढच्या पिढीला ती अडचण उरली नाहीं. परंतु कायदा झाला तो अस्तित्वांत असलेल्या विद्यापीठासाठीं झाला. शिकविणारे, शिकणाऱ्या आणि पैसे देणारे यांनीं तें आधींच उभें केलें होतें. सरकारनें पस्तीस वर्षांनंतर त्याची नोंद केली.