आय-लीग, 2007-08

भारतीय क्लब फुटबॉलच्या आय-लीगचा पहिला हंगाम. 1996-97 पासून चाललेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या जागी ही स्पर्धा आली. सहभागी दहा संघांपैकी धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब हे चार गोव्याचे, तर महिंद्र युनायटेड व एअर इंडिया हे दोन मुंबईचे होते. बाकीच्यांत मोहन बागान, ईस्ट बंगाल, जेसीटी आणि विवा केरळ.

प्रत्येक संघ इतरांशी दोनदा भिडला. म्हणजे प्रत्येकी 18 सामने. गोव्याच्या संघांचे मुख्य मैदान मडगावचे फातोर्डा स्टेडियम. दोन गोमंतकीय संघ समोरासमोर आले की यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्न कागदापुरताच उरे.

विजेतेपदाची चुरस याच राज्यात रंगली. धेंपो आणि चर्चिल यांचे गुण सारखेच, 36, झाले. करंडक मात्र धेंपोने नेला. आदल्या वर्षीची शेवटची राष्ट्रीय लीगही त्यांचीच होती. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या संघात क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक ही घरची मंडळी होती. चाली रचायला ब्राझीलचा बेटो आणि गोल करायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. सर्वाधिक 22 गोल मात्र चर्चिलच्या ओडाफा ओकोलीने केले. एवढे करूनही तो उपविजेत्या संघातच राहिला.

विवा केरळसोबत साळगावकरची खालच्या श्रेणीत घसरण झाली. 1998-99 च्या राष्ट्रीय विजेत्यांसाठी ही नामुष्कीच. पण पुढे वरच्या श्रेणीत परतून 2010-11 मध्ये त्यांनी आय-लीग जिंकली.