एका घरगुती रुमालातील युद्धकालीन कागद

माझे वडील १९८६ साली वारले. त्यांच्या कागदांचा रुमाल त्यानंतरही कित्येक वर्षे सातारा जिल्ह्यातील आमच्या घराच्या माळ्यावर तसाच पडून होता. राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाने परक्यांची दप्तरे धुंडाळावीत आणि घरचा रुमाल सोडूनही पाहू नये, ही गोष्ट मला भूषणावह नाही.

घरात रूढ असलेली हकीकत अशी की, दुसऱ्या महायुद्धात वडील ‘मिसरात कोठीवर’ होते, लढाई त्यांनी पाहिली नाही, आणि त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकत नसे ती लहानपणी उसाच्या चरकात सापडल्यामुळे. हे सारे त्यांनी स्वतःच सांगितलेले असल्याने त्याविषयी शंका घेण्याचे कोणास कारण पडले नाही.

रुमालातील कागद मोजकेच आहेत. १९४० साली बेळगावच्या पलटणकेंद्रातून धाडलेले एक पत्र, मनीऑर्डरींची कुपने, इटालियन छापील मजकुराची दोन कार्डे आणि १९४६ चा डिस्चार्ज दाखला; सोबत पुठ्ठ्याच्या डबीत तीन पदके. दाखल्यात कोठीचे नाव नाही. त्यात नोंद आहे ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीची.

ही पलटण १९४२ च्या उन्हाळ्यात अकराव्या हिंदी ब्रिगेडबरोबर लिबियातील तोब्रुक येथे होती. २० जून रोजी रोमेलने तटबंदीच्या आग्नेय बाजूवर हल्ला चढविला, तो प्रथम याच पलटणीच्या आघाडीवर कोसळला. दुसऱ्या दिवशी जनरल क्लॉपर याने शरणागती पत्करली आणि सुमारे ३३,००० सैनिक शत्रूच्या हाती पडले. कार्डांवरील ‘पी. जी. ९१’ हा अंक आता उलगडतो. इटलीतील अब्रुत्सी प्रांतात आवेत्सानो येथे हिंदी युद्धकैद्यांची छावणी होती, तिचा तो क्रमांक होय.

पहिले कार्ड नोव्हेंबर १९४२ चे आहे. म्हणजे पाच महिने घरी पत्र नव्हते. कुपनांची मालिका मात्र अखंड आहे. आजी त्या दिवसांविषयी बोलताना ‘पैकं येत्यात म्हंजी माणूस हाय’ असे आपले तेव्हाचे समाधान सांगत असे. हे अनुमान लंगडे होते, कारण बेपत्ता शिपायाच्या घरचा वाटा लगोलग बंद होत नसे; पण तिच्यापाशी दुसरा पुरावा तरी कोणता होता?

पदकांनी मला काही काळ चकविले. १९३९–४५ चा तारा, आफ्रिका तारा आणि युद्धपदक ही तीन आहेत. इटली तारा नाही. वर्षाहून अधिक काळ इटलीत काढलेल्या माणसापाशी तो का नसावा? उत्तर सोपे आहे. तो तारा ११ जून १९४३ नंतरच्या तेथील लष्करी सेवेसाठी होता. कैदेतल्या मुक्कामाची गणना त्यात नव्हती. पदकांच्या आधारे शिपायाचा प्रवास लिहू पाहणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. कैदेचा उलगडा होताच माझे मन आझाद हिंद लिजनकडे धावले. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांतूनच सुभाषबाबूंनी जर्मनीत ते दल उभारले होते, आणि वडिलांचे मौन त्याच कारणाने असावे असे मला वाटू लागले. खरे तर वाटावेसे वाटत होते. पुरावा याच्या उलट आहे. त्या दलातून परतलेल्यांची चौकशी होऊन ‘पांढरे’, ‘करडे’ आणि ‘काळे’ अशी वर्गवारी करण्यात आली होती, आणि काळ्या ठरलेल्यांस बडतर्फी व पगारजप्ती भोगावी लागली. वडिलांच्या दाखल्यावर वर्तणूक ‘फार चांगली’ अशी आहे, आणि वेतनाचा हिशेबही चुकता झालेला दिसतो. ते लिजनमध्ये नव्हते असेच मानणे प्राप्त आहे.

मग मौन कशाचे? कागद याचे उत्तर देत नाहीत. तर्जनीविषयी मात्र ते काही सांगतात. बेळगावचे पत्र वडिलांच्या हातचे असून अक्षर वळणदार, शाळेच्या कित्त्यासारखे आहे. नोव्हेंबरचे कार्ड दुसऱ्याच कोणाच्या हातचे आहे. त्यात प्रकृती ठीक असल्याचे, थोरल्या बैलाची विचारपूस आणि आलेल्या पैशांतून ओढ्याकाठच्या शेताचे गहाण सोडवावे एवढाच मजकूर आहे. डिस्चार्ज दाखल्यात ओळखीची खूण म्हणून उजव्या तर्जनीवरील जखमेचा व्रण नोंदला आहे. हे सर्व एकत्र लावता जखम १९४० नंतरची आणि नोव्हेंबर १९४२ पूर्वीची ठरते. चरकाची गोष्ट टिकत नाही. ती तोब्रुकलाच झाली असे म्हणावयास आधार नाही, आणि तसे मी म्हणत नाही.

दुसरे कार्ड एप्रिल १९४३ चे. मजकूर त्याच परक्या अक्षरात आहे. खाली सही वडिलांची आहे. अक्षरे मोठी, तिरपी, आणि शेवटचे काना-वेलांटीसह रेघेबाहेर गेलेले.