वकील बंद करणारा वकील

पहाडगंजातल्या नूतन मराठी शाळेमुळे इथे मराठी अजून कानावर पडते. पण दिल्लीत मराठी माणसाचे त्याहून जुने काम वकिलीचे. कोर्टातली वकिली नव्हे. धन्याची बाजू दरबारात मांडायची आणि दरबारची बातमी धन्याला कळवायची, ती. अठराव्या शतकात पेशव्यांसाठी हिंगणे घराण्याने ती इथे केली. मराठ्यांचा हा सगळा व्यवहार ज्याने कागदावर संपवला तोही वकीलच होता, आणि उमराव घराण्यातला.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (जुन्या मराठीतला ‘अल्पिष्टन साहेब’) हा स्कॉटलंडमधल्या अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. जन्म १७७९चा. किताब थोरल्याचा, म्हणून हा १७९६मध्ये कंपनीच्या नोकरीत आला. ऑक्टोबर १८०८मध्ये तो दिल्लीहूनच काबूलच्या वकिलातीवर निघाला. फ्रेंच त्या वाटेने येतील, ही कंपनीची धास्ती. पेशावरला शाह शुजाशी तह झाला आणि लवकरच शुजाचे तख्त गेले. तह वाया गेला. त्या मुलखावरचे एल्फिन्स्टनचे पुस्तक मात्र टिकले.

१८११पासून तो पुण्याचा रेसिडेंट. जुलै १८१५मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री गायकवाडांचे वकील, इंग्रजांच्या हमीवर आलेले. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर. एल्फिन्स्टनने त्यांना मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले, ते पळाले. त्यातून जून १८१७चा पुणे तह निघाला.

त्या तहात पेशव्यांचा मुलूख गेला हे आपल्याला पाठ असते. मी थांबतो ते दुसऱ्याच कलमापाशी: पेशव्यांनी कोणत्याही दरबारी वकील ठेवू नये, कोणाचा आपल्याकडे राहू देऊ नये, बोलणे रेसिडेंटमार्फत करावे. वकिलाच्या खुनावरून सुरू झालेले प्रकरण वकिलीच बंद करून थांबले. खडकीच्या लढाईपेक्षा मला हा पराभव मोठा वाटतो.

लढाई ५ नोव्हेंबर १८१७ला झाली. संगमावरची रेसिडेन्सी जळाली, तिच्यात त्याची पुस्तकेही गेली. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती त्याच्याच कारकिर्दीत, १८२१मध्ये, दक्षिणेच्या पैशांतून. हे ढोंग होते असे मी म्हणणार नाही. जे मोडले त्याची किंमत त्याला कळत होती. म्हणून तर कुठे मोडायचे हेही कळले.

बाजीरावाला बिठूरला वर्षाला आठ लाखांची नेमणूक मिळाली. तिथेही त्याच्यावर नजर ठेवायला कंपनीचा कमिशनर होता.