मृत्युशय्येवरचे लग्न : व्हिलिए द लील-आदां

थ्रेड.

१४ ऑगस्ट १८८९. पॅरिसमधील एका धर्मादाय रुग्णालयात पोटाच्या कर्करोगाने मरणासन्न झालेला पन्नास वर्षांचा लेखक अंथरुणातच विवाहबद्ध होतो. साक्षीदारांमध्ये स्तेफान मालार्मे आणि योरिस-कार्ल उइस्मांस, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच साहित्यातील दोन मोठी नावे. वधू मारी दांतीन ही विधवा मोलकरीण. तिला लिहिता येत नसल्यामुळे विवाहनोंदीवर ती सहीच्या जागी फुली काढते. आठवड्याच्या आत वर निवर्ततो.

हा वर म्हणजे ऑग्यूस्त व्हिलिए द लील-आदां. प्रतीकवादाचा इतिहास बोदलेर, व्हेर्लेन, रँबो आणि मालार्मे या नावांवरच संपतो असे मानणाऱ्यांनी त्याची गोष्ट अवश्य वाचावी.

त्याचा जन्म १८३८ चा, ब्रिटनी प्रांतातला. घराणे सरदारांचे, खिसा मात्र रिकामा. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानच्या वेढ्याविरुद्ध ऱ्होड्स बेट लढवणारा आणि पुढे आपल्या धर्मयोद्ध्यांसाठी माल्टा मिळवणारा फिलिप द व्हिलिए हा आपला पूर्वज, अशी या घराण्याची श्रद्धा होती. वडील मार्की. क्रांतीच्या धामधुमीत पुरलेले खजिने शोधण्याचा त्यांना नाद होता. ते जमिनी घेत, खणत आणि कर्जात बुडत. मुलगा मोठा कवी होणार याबद्दल मात्र कोणाला शंका नव्हती. त्याला पॅरिसमध्ये नाव काढता यावे म्हणून कुटुंबाने ब्रिटनीतले घरदार सोडले. १८७१ मध्ये खर्च उचलणारी नात्यातली आजी वारली आणि दारिद्र्य कायमचे मुक्कामाला आले.

ग्रीसच्या रिकाम्या सिंहासनावर त्याने हक्क सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. असे किस्से मित्रांनी रंगवलेले असतात, ते जपूनच वाचावेत. पुढची हकिकत मात्र खरी आहे. १८७५ मध्ये एका जुन्या नाटकाचा पुन्हा प्रयोग झाला. त्यात पंधराव्या शतकातील सेनानी जां द व्हिलिए याला फितूर दाखवले होते. आमच्या पूर्वजाची बदनामी झाली म्हणून अन्नाला महाग असलेल्या या माणसाने दावा ठोकला. तो दावा हरला.

साहित्यातही अपयशच अधिक. १८७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्याच्या ‘बंड’ या नाटकात एक हिशेबी नवऱ्याची बायको घर सोडून निघते. इब्सेनच्या नोराने घराचे दार ओढून घेण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. पाचच प्रयोगांनंतर नाटक बंद पडले. (तिच्या बंडाचा शेवट नोरासारखा होत नाही, ती परत येते. मला तो शेवट अधिक भयंकर वाटतो.)

१८८३ मध्ये ‘क्रूर कथा’ हा संग्रह आला. पुढच्याच वर्षी उइस्मांसच्या ‘आ रेबूर’ कादंबरीच्या नायकाने आपल्या निवडक ग्रंथांत व्हिलिएला स्थान दिले आणि तरुण पिढी त्याच्याकडे वळली. १८८६ मध्ये ‘उद्याची ईव्ह’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक आहे साक्षात थॉमस एडिसन, तेव्हा जिवंत असलेला! एका इंग्रज उमरावाचे प्रेम अशा स्त्रीवर आहे जिचे रूप अप्रतिम पण मन अत्यंत सामान्य. एडिसन तिच्या हुबेहूब रूपाचे यंत्र घडवतो. तिचे नाव हादाली. तिच्या छातीत सोन्याचे फोनोग्राफ आहेत आणि ती बोलते ते शब्द थोर कवी-विचारवंतांचे. खरा फोनोग्राफ तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. मानवसदृश यंत्रासाठी ‘अँड्रॉइड’ या अर्थाचा शब्द साहित्यात रुळण्यात या कादंबरीचा मोठा वाटा आहे. पण ती विज्ञानाची स्तुती नव्हे. ज्या युगाला आत्मा नकोसा झाला आहे त्याने निदान तो नीट बनवून तरी दाखवावा, असा तिचा उपरोध आहे. तीत स्त्रीविषयी जी तुच्छता आहे ती आज बोचते आणि बोचावीच.

त्याची सर्वांत महत्त्वाकांक्षी कृती म्हणजे ‘अ‍ॅक्सेल’ हे नाटक. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधला किल्ला, त्याच्या तळघरात दडलेला अफाट खजिना. म्हणजे वडिलांचेच वेड. फरक इतकाच की इथे तो सापडतो. नायक-नायिका त्या धनराशीसमोर उभे राहतात आणि कोणतेही वास्तव स्वप्नाला पुरे पडणार नाही म्हणून विष पितात. जगण्यासारखे क्षुद्र काम अ‍ॅक्सेल नोकरचाकरांवर सोपवतो.

हे लिहिणाऱ्याच्या घरी मात्र मारी राबत होती. १८८१ मध्ये त्यांना मुलगा झाला, व्हिक्टर. त्या वेळच्या फ्रेंच कायद्यानुसार अनौरस मुलाला औरस ठरवण्याचा मार्ग एकच : आईबापांनी पुढे लग्न करावे आणि त्याला आपला म्हणून मान्य करावे. आजार बळावला तेव्हा मालार्मेने मित्रांकडून दरमहा थोडी थोडी वर्गणी गोळा करून उपचार चालवले. लग्नासाठी मागे लागले तो आणि उइस्मांस. ऱ्होड्सच्या वीराचा वंशज मोलकरणीशी रीतसर विवाह करायला कचरत होता. शेवटी मुलाच्या नावासाठी तो तयार झाला.

त्याच ऑगस्टमध्ये आयफेल टॉवरखाली जागतिक प्रदर्शन भरले होते आणि खरा एडिसन तिथे आला होता. फोनोग्राफ ऐकायला लोकांची झुंबड उडत होती.

पुढच्या वर्षी ‘अ‍ॅक्सेल’ पुस्तकरूपाने आले. मालार्मेने बेल्जियमच्या शहरांतून दिवंगत मित्रावर व्याख्याने दिली. १८९४ मध्ये पॅरिसला नाटकाचा प्रयोग झाला. प्रेक्षकांत विल्यम बटलर येट्स होता, आणि फ्रेंच बेताचीच येत असूनही तो भारावून गेला. १९३१ मध्ये अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने प्रूस्त, जॉइस, एलियट, व्हालेरी यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्याचे नाव ‘अ‍ॅक्सेल्स कॅसल’.