कार्यकर्ता आणि सेवक : डोंगरी तालुक्यांतलं ग्रंथालय कोण चालवतं?

आजचा विषय साधा वाटेल असा आहे. गावातलं सार्वजनिक वाचनालय कोण चालवतं? संध्याकाळी कुलूप कोण उघडतं, वर्तमानपत्रं कोण लावतं, देवघेवीची नोंद कोण ठेवतं आणि पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागू नये म्हणून कपाटं कोण झाडतं? ‘सरकार’ हे उत्तर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी चुकीचं ठरतं. आपल्याकडे शासनमान्य ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. त्यातली मूठभर सोडली तर बाकी सगळी शासनमान्य आहेत, शासकीय नाहीत. ती संस्थांची आहेत, आणि संस्था म्हणजे गावातली सात-आठ, दहा-अकरा माणसं. या एका शब्दाच्या फरकामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज आपण भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या बाजूने पाहू. डोंगरातून पाहिलं की या व्यवस्थेची ताकदही दिसते आणि तिची फटही.

सुरुवात १८२८पासून करू. त्या साली रत्नागिरीत वाचनालय निघालं. मग अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. ही त्या काळातली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. यादीतली गावं नीट पाहा. सगळी जिल्ह्याची किंवा संस्थानाची मुख्य ठिकाणं आहेत. तिथे कलेक्टर होता, कोर्ट होतं, शाळा होती. म्हणजे वर्गणी भरू शकणारे वकील, मास्तर, कारकून होते. चार इंग्रज अधिकारी आणि चार शिकलेले एतद्देशीय एकत्र यायचे, वर्गणी काढायचे, एखाद्या वाड्यात खोली घ्यायचे. चिटणीस बिनपगारी असायचा. पुढे याच परंपरेत ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये निघालं. तोपर्यंत हेतू बदलला होता. आता मराठी ग्रंथ गोळा करायचे आणि मराठी माणसानेच ते सांभाळायचे होते. पद्धत मात्र तीच राहिली. वर्गणी, देणगी आणि कुणाची तरी रिकामी संध्याकाळ.

ही ‘रिकामी संध्याकाळ’ लक्षात ठेवा. स्वयंसेवा फुकट मिळते असं आपण म्हणतो, पण तिच्यामागे कुणाचं तरी पोट आधी भरलेलं असावं लागतं. ज्याला पेन्शन आहे, मास्तरकी आहे, दुकान आहे, त्याला संध्याकाळ असते. ज्या जातींना शाळेतच उशिरा जागा मिळाली, त्यांना वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात जागा आणखी उशिरा मिळाली, हेही याच हिशोबात येतं.

आता भोरकडे येऊ. शंकराजी नारायण सचिवांपासून चालत आलेलं पंतसचिवांचं हे संस्थान. त्याचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि सुधागड. रोहिडा म्हणजे विचित्रगड, तोरणा म्हणजे प्रचंडगड. बहुतेक तालुक्यांची नावंच किल्ल्यांची, यावरून मुलूख कसा असेल ते कळतं. ८ मार्च १९४८ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. सुधागड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेला, भोर आणि वेल्हे पुणे जिल्ह्यात आले. वेल्हे पुष्कळ काळ ‘महाल’ म्हणूनच ओळखलं जायचं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला. पण गावातला माणूस आजही ‘वेल्ह्याला जातो’ असंच म्हणतो, म्हणून मीही तेच नाव वापरतो.

संस्थानी गावाला एक फायदा असतो. राजवाडा, हायस्कूल, कचेरी, नगरपालिका हे सगळं एका ठिकाणी असतं. भोर तसं गाव आहे. तिथे मास्तर आणि वकील होते, म्हणजे वाचनालयाला लागणारा माणूस होता. वेल्हे खोऱ्यात काय होतं? भातखाचरं, नाचणी-वरीची उताराची शेती आणि चार महिने कोसळणारा पाऊस. आषाढात लावणी लागली की घरात म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी उरायची. शिकलेला तरुण पुण्याला नाही तर मुंबईला. मग वाचनालयाचा चिटणीस कुठून येणार? डोंगरात वाचनाची आवड नव्हती असं कुणी म्हणालं तर ते मला मान्य नाही. पोथी होती, कीर्तन होतं, मुंबईहून आलेलं पत्र चार घरांत वाचून दाखवलं जायचं. नव्हता तो वर्गणीदार.

याला उपाय नव्हता असंही नाही. तो उपाय त्याच काळात एका मराठी राजाने करून दाखवला होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. खर्चाची वाटणी सोपी होती. एक तृतीयांश गावाने जमवायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचा, एक तृतीयांश सरकारने. आणि जिथे ग्रंथालय उभंच राहू शकत नाही तिथे फिरती पेटी. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावाला पाठवायची, गावातल्या एका जबाबदार माणसाने ती सांभाळायची, वाचून झाली की पुढच्या गावाला. बॉर्डन यायच्या आधीच मोतीभाई अमीन या शिक्षकाने ‘मित्रमंडळ’ काढून गावोगावी वाचनालयं सुरू केली होती, हे विसरू नका. म्हणजे स्वयंसेवक आधी होता, सरकार त्याच्या मागे उभं राहिलं. त्याने शून्यातून पैसा उभा करावा अशी अट मात्र घातली नाही.

मुंबई प्रांतात १९३९मध्ये फैजी समिती नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि गावापर्यंत अशी उतरंड तिने सुचवली. पुढे महायुद्ध आलं, पैशाचं कारण आलं, योजना थांबली. स्वातंत्र्याच्या सुमारास ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली ती अशी की आहेत त्याच वाचनालयांना मान्यता द्यायची आणि अनुदान द्यायचं. व्यवहार म्हणून ते शहाणपणाचंच होतं. पण त्याचा अर्थ असा झाला, की जिथे आधीच आहे तिथे आणखी मिळेल.

मग १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. इथे खरा फाटा फुटतो. मद्रासने १९४८ मध्ये आणि कर्नाटकाने १९६५ मध्ये कायदा केला, तेव्हा त्यांनी ग्रंथालयासाठी कर बसवला. घरपट्टीबरोबर थोडी रक्कम ग्रंथालयाची. म्हणजे ग्रंथालय हा नागरिकाचा हक्क आणि चालवणं हे सरकारचं काम. महाराष्ट्राने कर लावला नाही. आपण सहायक अनुदानाची वाट धरली. लोकांनी संस्था काढावी, ती नोंदवावी, काही काळ चालवून दाखवावी, मग शासन तपासून मान्यता देईल आणि अ, ब, क, ड असा वर्ग देईल. १९७०च्या नियमांनी हे पक्कं केलं.

या निवडीचं मी एकदम वाईट म्हणणार नाही. कर असलेल्या राज्यांत ग्रंथालय सरकारी कचेरीसारखं होण्याचा धोका असतो. आपल्याकडे वाचनालय हे गावाचं भांडण, गावाची व्याख्यानमाला, गावाचा दिवाळी अंक असं सगळं राहिलं. ते कार्यकर्त्यामुळे. पण कार्यकर्त्याच्या हातात काय काय आलं ते पाहा. संस्थेची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब आणि बदल अर्ज, दाखल नोंदवही, लेखापरीक्षण, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे वार्षिक अहवाल. पुस्तकांवर प्रेम असलेला माणूस वर्षातले कित्येक दिवस कागदांवर घालवतो. एक कागद राहिला की अनुदान अडकतं.

आणि आता पैसा. २०१२च्या दरांनी ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये अनुदान होतं. साधारण निम्मं पगारासाठी धरा. पंधरा हजार, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. २०२२मध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ मंजूर केली. त्याच हिशोबाने महिन्याला दोन हजार होतात. जो माणूस रोज कुलूप उघडतो, त्याचा हा पगार. राज्य शासन ग्रंथालय क्षेत्रासाठी डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने दोन वेगळे पुरस्कार देतं : एक ‘उत्कृष्ट कार्यकर्ता’, दुसरा ‘उत्कृष्ट सेवक’. कार्यकर्ता म्हणजे बिनपगारी, सेवक म्हणजे पगारी. भाषेत फरक आहे. पण दोन हजारांच्या सेवकाला पगारी म्हणायचं का? माझ्या मते तो अर्धा स्वयंसेवकच आहे. फरक इतकाच, की कार्यकर्त्याने स्वयंसेवा स्वतः निवडली आणि सेवकावर ती व्यवस्थेने लादली. स्वयंसेवेचा गौरव करताना आपण ही दुसरी गोष्ट झाकून टाकतो. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पुन्हा वेल्ह्याकडे. २०११च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. हे ५४ हजार लोक शंभराहून अधिक गावांत विखुरलेले. म्हणजे सरासरी गाव चारपाचशे वस्तीचं, त्यातलेही कित्येक जण पुण्यात. अशा गावात नोंदणीकृत संस्था, कार्यकारी मंडळ, लेखापरीक्षक हे सगळं उभं करा असं सांगणं म्हणजे नाही म्हणण्याचीच एक रीत झाली. त्यात २०१२नंतर बराच काळ नव्या मान्यताच थांबल्या. ज्यांना उशीर झाला, त्यांच्यासाठी दारही बंद.

मग करायचं काय? दोन अलीकडची उदाहरणं देतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती एका वाचकगटाकडे, काही काळाने पेट्यांची अदलाबदल. इमारत नाही, वर्गणी नाही. ही पेटी परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेली. मग ती पानशेतच्या मागच्या वाडीपर्यंत का जाऊ नये? दुसरं उदाहरण भिलारचं. पाचगणीजवळचं, स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या वाचकांना उघडून दिल्या आणि पुस्तकं राज्य मराठी विकास संस्थेने दिली. गावाने जागा आणि आपुलकी दिली, पैशाचा भार शासनाने घेतला. वाटणी अशी असली की स्वयंसेवा टिकते.

या दोन्हींत नवं काही नाही. पेटी बडोद्याची आहे आणि वाटणीही बडोद्याचीच आहे. नवं एवढंच, की आता वेल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, बचत गट आहेत, रोज जाणारी एसटी आहे आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, बसायला शांत खोली शोधणारी मुलं-मुली आहेत. सांभाळणारे हात आहेत. एकेका केंद्रशाळेत एक पेटी, ती फिरवायला तालुक्याच्या ग्रंथालयात पुरेसा पगार असलेला एक माणूस, आणि गावात ती सांभाळायला एक आवड असलेली व्यक्ती. एवढ्यासाठी शंभर संस्था नोंदवायची गरज नाही.

तेव्हा ऐकणाऱ्यांना दोन विनंत्या. तुमच्या गावात वाचनालय असेल तर आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. नवीन पुस्तकं देण्यापेक्षा आधी जुन्या नोंदी लावायला आणि बांधणीला मदत करा, तिथे माणूस जास्त कमी आहे. आणि त्या वेळी कुलूप उघडणाऱ्या सेवकाला महिना किती मिळतो हे विचारा. उत्तर ऐकलंत की ते कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेत, ग्रामसभेत आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यासमोर मांडा. आपली संध्याकाळ देणं ही सेवा झाली. दुसऱ्याच्या संध्याकाळीचा मोबदला मागणं हाही ग्रंथालयाच्या कामाचाच भाग आहे.