गाजर गवत चालत येत नाही

टेरारिया हा गेम तुम्ही खेळला असाल तर 'करप्शन' म्हणजे काय हे सांगायला नको. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०११ साली आलेला हा खणण्याचा आणि बांधण्याचा गेम आहे. त्यातलं जग छोट्या चौकोनी ठोकळ्यांचं असतं. जंगल, वाळवंट, बर्फ असे वेगवेगळे प्रदेश असतात, त्यांना बायोम म्हणतात. त्यातला एक म्हणजे करप्शन, जांभळा, रोगट, तुमच्या जिवावर उठलेला. तो एका जागी बसून राहत नाही, शेजारची चांगली जमीन खात जातो.

पण खाण्याला नियम आहेत. सुरुवातीला तो मुख्यतः गवतावरून, हळूहळू सरकतो. मग तुम्ही 'वॉल ऑफ फ्लेश' नावाचा राक्षस मारता आणि 'हार्डमोड' सुरू होतो. आता करप्शन दगडात आणि वाळूतही शिरतं, आणि एका ठोकळ्यापासून तीन ठोकळ्यांपर्यंत उडी मारतं. त्याहून लांब नाही. म्हणून खेळणारे लोक घराभोवती रुंद खंदक खणतात आणि निवांत झोपतात.

माझं पीएचडीचं काम आक्रमक तणांवर आहे. त्यामुळे हा खंदकवाला नियम डोक्यात घेऊन मी आपल्याकडच्या करप्शनकडे, म्हणजे गाजर गवताकडे बघतो. मुदखेड स्टेशनच्या आसपास रुळांच्या कडेला बघा, नांदेड रोडच्या साइडपट्टीला बघा, पडीक प्लॉटवर बघा. गाजरासारखी पानं, वर पांढरी बारीक फुलं. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, पुण्याकडे चटक चांदणीही म्हणतात. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ गाव मेक्सिकोचं आखात आणि आसपासची अमेरिका.

हे नुसतं दिसायला वाईट म्हणून सोडून देण्यासारखं नाही. यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, कातडी जाड आणि काळी पडते. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या त्वचारोगावर लिहिलं, तेव्हापासून हे वैद्यकीय कागदावर आहे. पराग हवेत असतात, त्यामुळे दम्यासारखा त्रासही होतो. आणि सगळ्यात जास्त हात लावतं कोण? खुरपणीला जाणाऱ्या बाया. म्हणून हे तण इथवर आलं कसं, हा प्रश्न मला फक्त इतिहासाचा वाटत नाही.

आलं कुठून?

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे: "अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, पीएल-४८० मध्ये." आमच्या भागात जुनी माणसं ७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलोचंही नाव घेतात. आता तारखा एकाखाली एक लिहून बघू.

पुण्यात हे झाड उकिरड्यांवर आढळलं १९५५ मध्ये. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये ते भारतासाठी नवीन म्हणून छापलं. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा जुलै १९५४ चा, पण त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे झाड आधी आणि करार नंतर. ७२ चा मिलो तर त्याहून सतरा वर्षं उशिरा.

यावरून अमेरिकन गहू निर्दोष ठरत नाही. १९५१ मध्ये भारतानं अमेरिकेकडून कर्जाऊ गहू घेतला होता, त्यातून बी आलेलं असू शकतं. नंतरच्या पीएल-४८० च्या जहाजांतून पुन्हा पुन्हाही आलेलं असू शकतं. पण 'पीएल-४८० नं पहिल्यांदा आणलं' हे वाक्य तारखांपुढे टिकत नाही.

अजून मागे गेलं तर गंमत आहे. रॉक्सबर्गच्या १८१४ च्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीत हे नाव सापडतं. डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात १८८० चा नमुना आहे. म्हणजे झाड शे-सव्वाशे वर्षं देशात कुठे ना कुठे होतं आणि कुणाला त्रास झाल्याची बोंब नव्हती. तणशास्त्रात याला दबा धरून बसण्याचा काळ म्हणतात. बरेच जण १९५० च्या दशकातलं आगमन वेगळं आणि ताजं मानतात. दोन्हीपैकी काहीही धरा, एक गोष्ट बदलत नाही: नुसतं बी देशात येणं पुरेसं नव्हतं. कुठेतरी हार्डमोड सुरू व्हावा लागला.

अकरा हजार वर्षांचा हिशोब

आता टेरारियाचा नियम लावून बघू. एक चांगलं वाढलेलं झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देतं. बी बारीक, दोनेक मिलिमीटरचं. पण त्याला कापसासारखे तंतू नाहीत, त्यामुळे बहुतेक बी आईच्या पायाशीच पडतं. वावटळीत थोडं लांब जातं. उदार होऊन आपण एका पिढीला दहा मीटर देऊ. ओल असेल तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात, आपण चार धरू. म्हणजे वर्षाला ४० मीटर.

पुणे ते मुदखेड साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. ४,५०,००० भागिले ४०. उत्तर ११,२५० वर्षं.

आणि प्रत्यक्षात? पुण्याहून बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर. कर्नाटकानं १९७५ मध्ये गाजर गवताला कायद्यानं उपद्रवी तण जाहीर केलं. कायदा करायची वेळ आली म्हणजे झाड त्याच्या बरंच आधी तिथे माजलेलं होतं. तरी आपण पूर्ण वीस वर्षं धरू: वर्षाला ४२ किलोमीटर. आपल्या हिशोबाच्या हजार पट.

मग पाण्यानं गेलं असेल? बी पाण्यावर तरंगतं हे खरं. कालव्यांनी आणि ओढ्यांनी ते खाली जातंच. पण नकाशा बघा. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. मुदखेड गोदावरीच्या खोऱ्यात. पुण्यात पाण्यात पडलेलं बी कितीही पोहलं तरी नांदेडच्या घाटाला लागत नाही. मधलं पाणलोट ओलांडायला पाणी नाही, चाक लागतं.

हाच माझ्या मते या इतिहासाचा गाभा आहे. टेरारियातलं करप्शन स्वतः चालतं. गाजर गवत चालत नाही, त्याला नेऊन सोडावं लागतं. आणि नेणारे आपणच.

हार्डमोड कुणी चालू केला

१९५५ मध्ये पुणे मुंबई राज्यात होतं आणि मुदखेड हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. नंतरची वीस-पंचवीस वर्षं रस्ते, कालवे, बाजार समित्या आणि ट्रकांची. मराठवाड्याची निजामाच्या काळातली रेल्वे मीटरगेज होती, मुंबईकडून येणारी ब्रॉडगेज. त्यामुळे मनमाडला माणसांबरोबर मालही गाडी बदलायचा. पोती उतरायची, झाडलोट व्हायची, पोती चढायची. मुदखेड हे त्याच मार्गावरचं जंक्शन, इथून सिकंदराबादकडे एक फाटा आणि आदिलाबादकडे दुसरा. तण पसरायला याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. दाट गवताच्या कुरणात गाजर गवताला सहज शिरता येत नाही. त्याला उघडी, उकरलेली, मोकळी माती लागते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ती सगळीकडे होती. कुरणं जळालेली, चराईनं बोडकी झालेली. जगण्यासाठी निघालेल्या कामांवर रस्ते, पाझर तलाव, बंडिंग. ती कामं हवीच होती, त्यांनी माणसं वाचवली. पण एका गावचा मुरूम दुसऱ्या गावी पडला आणि प्रत्येक नव्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उकरलेल्या मातीची पट्टी मिळाली. जुन्या माणसांना ७२ आठवतं ते चूक नाही. मिलोनं हे तण देशात आणलं नाही, पण पसरायला रान मोकळं झालं ते अशाच वर्षांत.

दोष दिल्यानं काय झालं

'काँग्रेस गवत' हे नाव काही जण पांढऱ्या टोपीवरून आल्याचं सांगतात, काही जण त्या सरकारच्या गव्हावरून. दुसऱ्या अर्थात एक सोय आहे: दोषी लांबचा आहे. बंदरावर कुणीतरी घोळ केला, आता आपण काय करणार? पसरण्याचा प्रश्न मागेच पडतो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्येही हे झाड १९५५ मध्येच पहिल्यांदा दिसलं आणि १९६० च्या सुमाराला टेक्ससहून आलेल्या गवताच्या बियाण्यातून पुन्हा शिरलं. तिथे त्यांनी चाकांकडे बघितलं. गाड्या आणि शेतीची यंत्रं धुवायची सार्वजनिक ठिकाणं उभारली. तण तिथेही संपलेलं नाही, पण नेणाऱ्याला जबाबदार धरायची सवय तयार झाली.

आपण शत्रूचा शत्रू आणला. १९८३ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं मेक्सिकोहून झायगोग्रामा हा भुंगा आणला, १९८४ मध्ये सोडला. तो पानं फस्त करतो. १९९० च्या दशकात तो सूर्यफुलावर दिसला आणि गदारोळ झाला. लातूरकडे तेव्हा सूर्यफूल जोरात होतं, काळजी साहजिक होती. चौकशीअंती १९९९ मध्ये त्याला हिरवा कंदील मिळाला. परभणीच्या कृषी विद्यापीठातून हे मेक्सिकन भुंगे मिळतात. पण भुंगा पावसाळ्यात काम करतो आणि थंडीत मातीत जाऊन झोपतो. आणि ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेलं बी तो खात नाही.

म्हणून खंदक खणायचा असेल तर तो चाकापाशी आणि पाटीपाशी खणावा लागेल. सोयाबीनचं हार्वेस्टर तुमच्या शेतात शिरण्याआधी झाडून घ्यायला सांगा. विकतचं शेणखत आणि मुरूम पडला की तिथे पहिल्या पावसानंतर चक्कर मारा. फुलं यायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलावर आलेलं झाड खताच्या खड्ड्यात टाकू नका, तो खड्डा पुढच्या वर्षी बियांची पोतडी होतो.

आणि मोकळी माती मोकळी ठेवू नका. टेरारियात सूर्यफूल लावलं की त्याखालचं गवत करप्शनला मिळत नाही. आपल्याकडे हे काम तरोटा करतो, आणि झेंडूही. फुलशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुदखेडला झेंडू कसा लावायचा हे मी सांगायची गरज नाही. फक्त या वेळी एक ओळ बांधावर आणि रस्त्याच्या कडेलाही जाऊ द्या.