एकाच खोलीची लाईट गेली? वायरमनला फोन करण्याआधी काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही

लाईट गेली की आपल्याकडे पहिलं काम ठरलेलं. गॅलरीत जायचं आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये उजेड आहे का ते बघायचं. तिकडेही अंधार असेल तर का कुणास ठाऊक, बरं वाटतं. सगळ्यांचीच गेलीय म्हटल्यावर माणूस निवांत बसतो.

पंचाईत होते ती समोर झगमगाट आणि आपल्याच हॉलमध्ये अंधार असतो तेव्हा. किंवा फ्रिज चालू, टीव्ही चालू, फक्त दिवे बंद. मग घरातलं कुणीतरी टेस्टर शोधतं, स्टूल ओढतं आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये बोर्ड उघडायला घेतं. हे काम इतकं धोक्याचं का, तर अंधार झाला म्हणजे करंट गेला असं नसतं. दिवा बंद आणि वायरमध्ये २३० व्होल्ट जिवंत, असं अगदी सहज होतं.

म्हणून स्टूल ओढायच्या आधी लांबूनच बघा, अंधार नेमका कुठपर्यंत आहे?

अंधार किती, यावरून बिघाड कुठे ते कळतं

अख्ख्या गल्लीत नसेल तर प्रश्नच नाही. १९१२ वर तक्रार करा आणि वाट बघा. शेजाऱ्यांकडे आहे आणि तुमचं पूर्ण घर बंद आहे, तर मेन स्विच पडलाय का ते बघा. तो वर असूनही घरात काही नसेल आणि मीटरचा डिस्प्लेही बंद असेल, तर बिघाड मीटरच्या अलीकडे, म्हणजे वीज कंपनीच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. तेव्हाही १९१२. मीटरचं सील तोडून आत डोकवायचं नाही, तो गुन्हा होऊ शकतो. मीटरच्या पुढचं वायरिंग मात्र तुमचं, त्यासाठी कंपनीचा माणूस येणार नाही.

एकच दिवा बंद असेल तर बहुतेक वेळा दिवाच गेलेला असतो. एलईडी बल्ब वर्षानुवर्षं चालतो असं आपण ऐकलेलं असतं, पण आतला छोटा ड्रायव्हर उष्णतेनं लवकर मरतो. बंद काचेच्या डोममध्ये लावलेले बल्ब तर जास्तच. तोच बल्ब दुसऱ्या खोलीत लावून बघा. तिथे लागला, तर होल्डर, स्विच किंवा वायर यांपैकी काहीतरी गेलंय.

बल्ब काढताना नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. अशा वेळी स्विच बंद असला तरी होल्डरच्या पिनांपर्यंत फेज आलेला असतो. त्यामुळे त्या खोलीचा एमसीबी खाली करा आणि मगच बल्बला हात लावा.

एमसीबी पडला असेल तर

एका-दोन खोल्यांचे सगळे दिवे एकदम गेले असतील तर मीटरजवळच्या किंवा दारामागच्या त्या पांढऱ्या डब्याकडे जा. एखादा खटका बाकीच्यांपेक्षा खाली किंवा मधेच अडकलेला दिसेल. तोच पडलेला एमसीबी. तो आधी पूर्ण खाली दाबायचा आणि मग वर करायचा. नाहीतर तो धरत नाही आणि आपल्याला वाटतं खराब झाला.

पण लगेच वर करू नका. आधी त्या खोल्यांमधले सगळे स्विच बंद करा, प्लग उपसून ठेवा. मग एमसीबी वर करा. राहिला, तर एकेक स्विच चालू करत जा. ज्या स्विचला तो पुन्हा पडेल, तिथे दोष. तो दिवा किंवा ती वस्तू बाजूला ठेवली की बाकीचं घर उजळतं आणि वायरमनचा अर्धा तास वाचतो. सगळं बंद असतानाही पडत असेल, तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये असू शकतो. तिथे आपलं काम संपलं.

दिव्यांमुळे एमसीबीवर लोड येतो का? हिशोब करून बघा. लाईटच्या लाईनला साधारण ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी असतो. ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट. ९ वॅटचे १५ बल्ब एकदम लावले तरी १३५ वॅट होतात. म्हणजे ओव्हरलोडचं खापर दिव्यांवर फोडता येत नाही. त्याच बोर्डच्या छोट्या सॉकेटमध्ये कुणीतरी इस्त्री, किटली किंवा हिवाळ्यात हीटर लावलेला असतो. तसं काहीच नसेल तर शॉर्ट सर्किटची शंका घ्यायची. फोटोफ्रेमसाठी ठोकलेला खिळा, उंदरानं कुरतडलेली वायर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये टेप गुंडाळून सोडलेला जॉइंट, ही नेहमीची कारणं.

आता सर्वात घातक जुगाड. एमसीबी सारखा पडतो म्हणून १० चा काढून २० चा बसवायचा. 'आता बघ, पडतच नाही!' बरोबर आहे, पडत नाही. पण भिंतीतली वायर तीच जुनी, बारीक. तिला झेपत नाही तेवढा करंट तिच्यातून वाहतो, ती तापत राहते आणि जो पहारेकरी खाली पडून सांगत होता त्याला आपणच गप्प केलेलं असतं. चाळीत आणि वाड्यांत अजूनही किटकॅट फ्यूज दिसतात. तिथे फ्यूज वायर संपली म्हणून साध्या वायरीतली तांब्याची जाड तार गुंडाळतात, तोही हाच प्रकार.

टेस्टर दोन्हीकडे पेटतो तेव्हा

एमसीबी वर आहे, दिवे मात्र बंद. टेस्टर लावला तर सॉकेटच्या एका भोकात पेटतो आणि दुसऱ्या भोकातही पेटतो. घरोघरी यावर निदान होतं, 'डबल फेज आला.' बहुतेक वेळा तसं काही नसतं. न्यूट्रल तुटलेला असतो.

करंट फेजमधून येतो आणि न्यूट्रलमधून परत जातो. परतीचा रस्ताच तुटला तर दिवा लागत नाही. पण चालू ठेवलेल्या बल्बमधून, पंख्यामधून फेज पलीकडच्या न्यूट्रल वायरपर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो. म्हणून टेस्टर दोन्हीकडे पेटतो. अशा वेळी काळी वायर न्यूट्रलची, तिला काय होतंय, म्हणून जो हात घालतो त्याला झटका बसतो. सगळा बोर्ड मेलेला दिसतो आणि त्यातली प्रत्येक वायर जिवंत असते. दोन्हीकडे टेस्टर पेटला की एमसीबी खाली करा आणि वायरमनला बोलवा.

याचं मोठं रूप त्याहून वाईट. काही दिवे एकदम प्रखर, काही मिणमिणते, पंखा अचानक जोरात. असं दिसलं की बाहेरचा, बिल्डिंगचा किंवा गल्लीचा न्यूट्रल सैल झाला असण्याची शक्यता असते. तेव्हा २३० ऐवजी कितीतरी जास्त व्होल्टेज घरात येऊ शकतं आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एका झटक्यात जातात. विचार करत बसू नका. आधी मेन स्विच खाली, मग १९१२ आणि शेजाऱ्यांना फोन.

इन्व्हर्टर आहे? मग मेन बंद करून फसाल

ही गोष्ट अनेकांच्या डोक्यातच येत नाही. इन्व्हर्टर सहसा दिवे आणि पंख्यांच्याच लाईनला जोडलेला असतो. तुम्ही मेन बंद केलात की त्याला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानेइतबारे बॅटरीवरून २३० व्होल्ट सोडतो. म्हणजे मेन बंद, तरी होल्डर जिवंत. बरं, नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद करूनही चालत नाही, कारण मेन चालू असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरमधून लाईट सरळ पुढे जाते. त्यामुळे दोन्ही बंद करायचं. वायरमन आला की त्यालाही पहिलं वाक्य हेच सांगा, घरात इन्व्हर्टर आहे.

इथे थांबा, फोन लावा

स्विच किंवा प्लग हाताला गरम लागतो, बोर्डातून चरचर आवाज येतो, प्लास्टिक जळाल्यासारखा किंवा कधी चक्क माशासारखा वास येतो, सॉकेट काळवंडलंय. यातलं एकही असेल तर ती लाईन बंद करायची आणि पुन्हा चालू करून बघायचं नाही. पावसाळ्यात भिंत ओली असेल, नळाला किंवा भिंतीला मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर थेट मेन बंद. आणि कुणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला ओढायला हात लावू नका. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा, मग १०८.

ओळखीतला 'करतो तो' आणि परवाना असलेला वायरमन यात फरक आहे. महाराष्ट्रात या कामासाठी सरकारी परवाना मिळतो, तो विचारायला लाजू नका. फोनवर 'लाईट गेलीय' एवढंच सांगण्यापेक्षा कुठली खोली, कधीपासून, तेव्हा काय चालू होतं, वास आला का, हे सांगा. डब्याचा फोटोही व्हॉट्सॲप करा, म्हणजे तो योग्य सामान घेऊन येईल. काम झाल्यावर तो कोणता एमसीबी बसवून गेला, तो आकडा आधीचाच आहे ना, हे बघून घ्या.

तो घरात असतानाच आणखी एक करून घ्या. डब्यात आरसीसीबी असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका लगेच खाली पडायला हवा. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरची गळती झाली की लाईट तोडतो, शॉकपासून वाचवणारा तोच. बटण दाबूनही तो पडत नसेल, तर घरातले सगळे दिवे लागत असले तरी तो त्याच दिवशी बदलून घ्या.